सोपानरावांची जर्मन गिटार

गिटार जर्मन ठरली तर ती सुरेंद्रकडे राहणार आणि साधी निघाली तर विजयश्रीने न्यावी, असं बहीणभावात ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे सुरेंद्रने ठरवलं होतं आणि विजयश्रीला फोनवर कळवलं होतं. किमती वस्तू असेल तर ती मोठ्या घरात राहावी, हे त्याचं वाक्य तिच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं. वडील शेवटची सहा वर्षं सांगवीला तिच्या दोन खोल्यांत राहिले, तेव्हा मोठ्या घराची आठवण कुणाला झाली नव्हती.

वडील म्हणजे सोपानराव तांदळे. बार्शीकडून तरुणपणी पिंपरीला आले आणि एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर म्हणून निवृत्त झाले. शिफ्ट सुटली की कामगारांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. गणपती, कंपनीचं स्नेहसंमेलन, कुणाच्या तरी पोराची हळद, कशालाही नाही म्हणत नसत. त्यांची गिटार मात्र चारचौघांसारखी नव्हती. तिचं पोट व्हायोलिनसारखं फुगलेलं होतं, मधोमध गोल भोक नव्हतं, दोन्ही बाजूंना दोन वळणदार फटी होत्या. अशा गिटारीला आर्चटॉप म्हणतात हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. घरात तिचं नाव 'जर्मन'. जर्मन काढ, जर्मन पुसून ठेव, जर्मनला पोरांनी हात लावायचा नाही. पुण्याच्या कँपातल्या एका बँडवाल्याकडून घेतली, यापलीकडे सोपानराव काही सांगत नसत.

हात थरथरायला लागल्यावर त्यांचं वाजवणं संपलं. विजयश्री शाळेतून आली की तारा जुळवायची आणि नुसतीच एकेक छेडायची. ते डोळे मिटून ऐकायचे. अशाच एका संध्याकाळी ते म्हणाले होते, ही आता तुझी. तेराव्याला पाहुण्यांची ताटं उचलली जात असताना सुरेंद्रने गिटार आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली होती. मॉडेल शोधतो, म्हणाला. त्याला आता वर्ष होऊन गेलं होतं.

सुरेंद्र चाकणच्या एका जर्मन मालकीच्या कंपनीत क्वालिटीचा प्रमुख होता. गाड्यांचे सुटे भाग तिथे बनत, आणि मापात न बसणारा भाग परत पाठवणं हे त्याचं काम होतं. रविवारी विजयश्री चिंचवडला त्याच्या फ्लॅटवर पोचली तेव्हा गिटार डायनिंग टेबलावर चादरीवर ठेवलेली होती. शेजारी बारीक मापं घ्यायचं व्हर्नियर, टेप आणि लॅपटॉप. शैलावहिनीने दार उघडलं, या म्हणाली आणि चपला बाहेरच ठेवा हेही सांगितलं, जणू विजयश्री आजवर चपला घालूनच आत फिरत आली होती.

सुरेंद्रने बस न म्हणता सुरुवात केली. आत लेबल नाही, नंबर नाही. रंग बाबांनी नंतर कधीतरी दिलेला असावा, त्यामुळे लाकूड दिसत नाही. पण आकार, फटींचं वळण, डोक्याची घडण पाहता ही बव्हेरियातल्या एका बंद पडलेल्या कारखान्याची आहे. त्यांचं 'कॉन्सर्ट' मॉडेल. जुना कॅटलॉग त्याला सापडला होता. फक्त एक फरक होता.

"प्रत्येक माप कॅटलॉगपेक्षा एक टक्का जास्त आहे," तो म्हणाला. "पोटाची रुंदी, खोली, तारेची लांबी, मानेवरच्या पट्ट्यांमधलं अंतर. सगळं."

"मग ही ती नाहीच."

"तुला मापातलं कळत नाही, विजू. चूक असती तर इकडेतिकडे झाली असती. इथे थोडी जास्त, तिथे थोडी कमी. सगळीकडे एकच टक्का म्हणजे मुद्दाम केलंय. स्पेशल ऑर्डर. साध्या मॉडेलहून दुर्मिळ."

विजयश्री गणित शिकवत होती. तिला त्याचं म्हणणं पटलं आणि पटल्याचा रागही आला. ती म्हणाली, लेबल सापडत नाही तोवर ठरलं असं मी मानणार नाही. यावर शैलावहिनी चहाचा कप ठेवता ठेवता बोलून गेली की गुरुवारच्या आत ठरवायलाच हवं, डायरेक्टरना फोटो गेलेत.

"कोण डायरेक्टर?"

सुरेंद्रने बायकोकडे पाहिलं. मग लपवण्यात अर्थ नाही असं पाहून त्याने सांगितलं. कंपनीचे डायरेक्टर म्युनिकहून प्लांटला भेट द्यायला येणार होते. त्यांना जुन्या गिटारींचा शौक. शाल, नारळ आणि ही गिटार असा सत्कार सुरेंद्रच्या हस्ते व्हायचा होता. प्लांटहेडची जागा रिकामी व्हायला आली होती, हे तो बोलला नाही. ते विजयश्रीला आपोआप कळलं.

"मोठ्या घरात राहणार होती ना?"

"जर्मनीची वस्तू जर्मनीला जाईल. बाबांचं नाव होईल."

"बाबांनी ती मला दिलीय."

"कुणासमोर?"

"माझ्यासमोर."

"तुझ्यासमोर तुला दिली. छान." तो हसला. "सेवा केलीस, मान्य. सेवेची पावती फाडायची असेल तर तसं सांग."

विजयश्रीने कप तसाच ठेवला. शैलावहिनी म्हणाली, चहा तरी घ्या, टाकून द्यावा लागेल. टाका, असं म्हणून ती बाहेर पडली.

रिक्षात बसल्या बसल्याच तिने ठरवलं की गिटार साधी आहे हे सिद्ध करायचं. वडिलांच्या निवृत्त कामगारांचा एक व्हॉट्सॲप गट होता. वडिलांचा फोन अजून तिच्याकडेच होता आणि गटातून त्यांचं नाव कुणी काढलेलं नव्हतं. गुडघ्यांवरचे उपाय आणि सुविचार यांच्या गर्दीत तिने गिटारीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं: मी सोपानराव तांदळे यांची मुलगी, या गिटारीचं मॉडेल कुणाला माहीत आहे का?

चार-पाच जणांनी हात जोडले. दोघांनी 'तांदळे मास्टरांची जर्मन' असं लिहिलं. मग अण्णासाहेब या नावाने एक ओळ आली: 'ही ज्योतीरामची. मॉडेल काय ते यशोदाबाईंना विचारा.' तिने ती पुरती वाचली नाही तोच ओळ गेली. हा संदेश पुसण्यात आला आहे.

अण्णासाहेब ऑर्केस्ट्रात हार्मोनियमवर असायचे, हे तिला ठाऊक होतं. तिने लगेच फोन लावला. ते आधी म्हणाले, चुकून दुसऱ्या गटातला मेसेज पडला. मग म्हणाले, वय झालं, काहीबाही लिहिलं जातं. तिने सोडलं नाही. ज्योतीराम कोण, एवढंच सांगा.

"पोरी, बाप गेला की त्याचं चांगलं तेवढं ठेवावं," अण्णासाहेब म्हणाले. "मी तेव्हा बोललो नाही, आता कशाला बोलू? यशोदाबाई चाकणला असतात, कांदा मार्केटच्या मागे. मुलगा गणराज कंपनीची बस चालवतो. कुणीही घर दाखवेल. माझं नाव घेऊ नकोस."

सोमवारी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकून विजयश्री चाकणला गेली. मार्केटमागच्या गल्लीत कांद्याच्या वाळल्या पाती चाकांखाली दळून रस्त्याला चिकटल्या होत्या. गणराज बस उभी करून नुकताच जेवायला आला होता. कंपनीच्या निळ्या शर्टातला पन्नाशीचा माणूस. सोपानराव तांदळेंची मुलगी म्हटल्यावर त्याचा उचललेला घास ताटात परत गेला. त्याने आईला हाक मारली नाही, नुसता उठून आत गेला.

यशोदाबाई बाहेर आल्या. ताठ, बारीक, पंचाहत्तरीच्या. उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"द्यायला आलीस का मागायला?"

"विचारायला आले."

"मंग इचार."

विजयश्रीने फोनवरचा फोटो पुढे केला. म्हातारीने फोन हातात घेतला नाही. लांबूनच पाहिलं, आणि तेवढं पाहणं तिला पुरलं. बस म्हणाली नाही, पाणी म्हणाली नाही. उंबऱ्यात उभ्या उभ्याच तिने सांगितलं, आवाज न चढवता, गणराज आत भिंतीशी उभा राहून ऐकत असताना.

ज्योतीराम, म्हणजे तिचा नवरा, त्याच कारखान्यात पॅटर्न शॉपमध्ये होता. ओतकामाचे साचे ज्या लाकडी नमुन्यांवरून काढतात, ते नमुने कोरायचं काम. गोलाई, फुगवटा, आतली पोकळी हा त्याच्या हातचा खेळ. सोपानला गिटार पाहिजे होती आणि विकत घ्यायची ऐपत दोघांचीही नव्हती. कँपातल्या एका बँडवाल्याकडे खरी जर्मन गिटार होती, त्याने ती एका दुपारपुरती पाहू दिली. मापं सोपानने घेतली, आपल्या टूलरूमच्या पट्टीने. लाकूड ज्योतीरामने आखलं, कापलं, कोरलं. जेवणाच्या सुट्टीत, दुसऱ्या पाळीत, नमुन्यांतून उरलेल्या लाकडातून. फोरमन रोज बघायचा आणि म्हणायचा, गणपतीपर्यंत होऊ द्या, कंपनीच्याच ऑर्केस्ट्रात वाजणार आहे.

मग फोरमन बदलला. नव्याने चोरीची तक्रार केली. कंपनीचं लाकूड बाहेर गेलं, कुठे गेलं ते सांगा. चौकशी बसली. ज्योतीरामने खरं तेच सांगितलं, ऑर्केस्ट्रासाठी गिटार केली, ती सोपान तांदळेकडे आहे, फोरमनची परवानगी होती. चौकशीवाल्यांनी सोपानला बोलावलं.

"येवडंच म्हनायचं व्हतं त्येनं, की व्हय, ही ती गिटार, सगळ्यांच्या डोळ्यादेखत केलेली हाय," यशोदाबाई म्हणाल्या. "तुजा बाप म्हनला, न्हाई, माजी गिटार जर्मन हाय. म्या इकत घेतली."

विजयश्रीने पुढे धरलेला फोन खाली घेतला.

"त्याच्यानं काय झालं, तुला कळतं का? गिटार जर्मन हाय तर मंग लाकूड कुटं गेलं? इकलं. मानूस खोटारडा पन ठरला आन चोर पन. आमच्या ह्यांची नोकरी गेली. चाकणला म्हायेरी आनलं मी त्यांला. कांद्याच्या मार्केटात फळ्यांच्या पेट्या ठोकत मेले."

विजयश्रीने विचारलं, तुम्ही मागितली नाही का कधी? यशोदाबाईंनी पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाहिलं. नवऱ्याचं दहावं झाल्यावर त्या गेल्या होत्या. सोपानची बायको दारात आली, तिने चहा दिला, बशीत बिस्किटं दिली. सोपान आतूनच म्हणाला, वहिनी, ती जर्मन आहे. त्यांनी चहा तसाच ठेवला आणि एस्टी धरली.

"झालं इचारून?" म्हातारी म्हणाली. "मंग जा आता. त्याची दुसरी पाळी हाय, जेवायचंय त्याला."

परतीच्या वाटेवर चौकात ट्रकांची रांग लागली होती. कंपन्यांच्या बसमधून लोक खिडकीला डोकं टेकून झोपलेले होते. विजयश्री शेअर रिक्षात दोन बायकांच्या मध्ये चेपून बसली आणि प्रथम जो विचार तिच्या मनात आला तो वडिलांचा नव्हता, ज्योतीरामचा तर नव्हताच. तिला सुरेंद्र दिसला. स्टेजवर, सूट घालून, जर्मन माणसाच्या हातात गिटार देताना. आणि तो माणूस ती उलटी करून पाहताना, आत डोकावताना, ओठ मुडपताना. ज्याचा आयुष्यभर शौक तोच आहे त्याला एका मिनिटात कळलं असतं. अख्ख्या प्लांटसमोर क्वालिटीच्या प्रमुखाचा माल नापास झाला असता.

काहीच करायचं नव्हतं. फक्त गुरुवारपर्यंत गप्प बसायचं होतं. वडीलही असेच गप्प बसले होते, असं म्हणावं तर तेही खरं नव्हतं. ते बोलले होते. हा विचार तिने झटकून टाकला. तिला दया वगैरे आली नव्हती. पण सत्काराला दिलेली वस्तू कुणी परत करत नाही. तो माणूस हसून थँक यू म्हणेल आणि गिटार म्युनिकच्या एखाद्या माळ्यावर जाऊन पडेल. भावाची फजिती हवी तर गिटार घालवावी लागेल. तिने मोशी येईपर्यंत दोन्हीकडून विचार करून पाहिला. फजिती सोडायचं तिच्या जिवावर आलं होतं.

त्याच संध्याकाळी ती चिंचवडला गेली. न कळवता आल्याबद्दल शैलावहिनीच्या कपाळाला आठी पडली. गिटार आता भिंतीला लागून एका नव्या काळ्या पेटीत होती आणि पेटीच्या झाकणावर कंपनीचा लोगो चिकटवलेला होता. विजयश्रीने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, अण्णासाहेबांचं नाव तेवढं गाळून.

सुरेंद्र ऐकता ऐकता तांबडा होत गेला.

"गुरुवार जवळ आला म्हणून ही म्हातारी उभी केलीस?"

"मी कुणाला उभी केली नाही. ती चाकणला राहते. तुझ्या कंपनीपासून पाच-सहा किलोमीटरवर."

"कोण कुठली बाई, तिने सांगितलं आणि तू बापाला चोर ठरवलंस. त्यांच्या घरात, त्यांच्या हातचं खाल्लंस."

"माझ्या घरात, दादा. माझ्या हातचं त्यांनी खाल्लं."

शैलावहिनीने मध्ये तोंड घातलं की विजूताईंना पहिल्यापासूनच आमचं चांगलं बघवत नाही. विजयश्रीने तिच्याकडे पाहिलंही नाही. भावाला ती म्हणाली, बाईंचं खोटं धर. ज्योतीराम पॅटर्न शॉपमध्ये होता एवढं तरी कुणालाही विचारून खात्री करून घे.

"कुठे होता?" सुरेंद्रने विचारलं.

"पॅटर्न शॉपमध्ये. लाकडी नमुने कोरायचा."

सुरेंद्र काहीतरी बोलणार होता, तो थांबला. त्याचा चेहरा रागावलेलाच राहिला, पण त्यामागे दुसरं काहीतरी सुरू झालं. विजयश्रीने हा चेहरा लहानपणी पाहिलेला होता. गणिताचं उत्तर चुकलंय हे दुसऱ्या कुणी सांगण्याआधी त्याला स्वतःला कळायचं, तेव्हाचा.

"मापं कुणी घेतली म्हणालीस?"

"बाबांनी. टूलरूमच्या पट्टीने."

"आणि आखणी त्याने केली. त्याच्या पट्टीने."

"असेल. का?"

तो खुर्चीवर बसला. बायकोला उद्देशून बोलावं तसा, विजयश्रीकडे न बघता तो बोलायला लागला. वितळलेलं लोखंड गार होताना आक्रसतं. म्हणून लाकडी नमुना त्या हिशेबाने मोठा करावा लागतो. पण दर मापाला हिशेब कोण करत बसणार? म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच मुळात लांब असते. तिच्यावरचा एक इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित मोठा असतो. ते लोक वर्षानुवर्षं तीच पट्टी वापरतात. दुसरी पट्टी असते हेही त्यांच्या हाताला आठवत नाही. फिटरने साध्या पट्टीने घेतलेलं माप त्याने आपल्या पट्टीवर धरलं की वस्तू मोठी होणार. सगळीकडून सारखीच मोठी.

"किती मोठी?" शैलावहिनीने विचारलं.

"बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, एक टक्का."

शैलावहिनीला तेवढ्याने सगळं कळलं नसावं, कारण ती म्हणाली, पण डायरेक्टरना तर कळवलंय, आता काय सांगायचं? सुरेंद्र तिला म्हणाला, तू गप्प बस. इतक्या थंडपणे म्हणाला की ती उठून आत गेली आणि आतून भांडी जोराने ठेवल्याचे आवाज आले.

"म्हणजे जर्मन नाही," विजयश्री म्हणाली.

"पिंपरी मॉडेल आहे." तो हसला नाही. "आणि तेवढ्याने बाबा खोटं बोलले असं होत नाही. गिटार त्याने केली असेल. चौकशीत काय झालं ते त्या बाईचं म्हणणं."

"घरात आयुष्यभर काय म्हणायचे ते तू ऐकलंयस. त्याला कुणाची साक्ष लागत नाही."

"तुझं काय जातंय? तुला बाप नकोच होता, गिटार हवी होती."

"आणि तुला दोन्ही नको होतं."

तो उठला आणि खिडकीशी गेला. खाली सोसायटीत पोरं बॅडमिंटन खेळत होती. पाठमोऱ्यानेच त्याने विचारलं, की गुरुवार उलटू द्यायचा होतास, आजच का आलीस, माझी कीव आली का? विजयश्री म्हणाली, तुझी नाही. गिटार गेली असती. ते ऐकून त्याला बरं वाटलं असावं. उपकार घ्यावे लागले नाहीत.

"साधी निघाली तर तुझी, असं ठरलं होतं," तो म्हणाला. "ने. पेटी ठेव, पेटी कंपनीची आहे."

"मी तिला परत देणार आहे. यशोदाबाईंना."

आता तो वळला. "म्हणजे मला मिळू नये एवढंच हवं होतं तुला."

"मला हवी आहे ती," विजयश्री म्हणाली. "तुला कळणार नाही, इतकी हवी आहे."

"मग ठेव की. म्हातारी काय पोलिसांत जाणार आहे? सांगवीला कोण बघायला येतंय?"

पेटी उघडून तिने गिटार काढली, ओढणीत गुंडाळली. सुरेंद्रने दार उघडून धरलं, पण मदत म्हणून नव्हे. तिथे माझं नाव घेऊ नकोस, एवढं तो म्हणाला. लिफ्टचं दार लागेपर्यंत त्याच्या घराचं दार लागून गेलं होतं.

गिटार त्या रात्री सांगवीला राहिली आणि पुढचा दिवसही राहिली. विजयश्रीने ती वडिलांच्या पलंगावर ठेवली, तारा जुळवल्या नाहीत. भाऊ म्हणाला तसं खरंच कुणी बघायला येत नव्हतं. शाळेतून आल्यावर तिने एकदा हात पुढे नेला, आणि कानात वडिलांचा आवाज आला, ही आता तुझी. त्यांनी ते म्हटलं तेव्हा त्यांना माहीत होतं. स्वतःची नसलेली वस्तू त्यांनी आपल्याला दिली, हे कळल्यावर तिला रडू आलं नाही, संताप आला. चहात साखर कमी पडली तरी तिला बोल लावणाऱ्या माणसाने तिच्या गळ्यात हे बांधून ठेवलं होतं.

बुधवारी ती पुन्हा चाकणला गेली. गणराजची सुट्टी होती. तो ओट्यावर बसून बूट पुसत होता. ओढणीतला आकार पाहून तो उठून उभा राहिला, पण पुढे झाला नाही. यशोदाबाई बाहेर आल्या. विजयश्रीने गुंडाळी सोडून गिटार त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली आणि पोटाच्या फुगवट्यावरून हात फिरवला, कडेपासून मध्यापर्यंत, एकदाच. मग पालथी करून पाहिली. मग पुन्हा उताणी.

"रंग कुनी फासला ह्यो?"

"बाबांनी."

"लाकूड दिसू नये म्हनून." त्यांनी मान हलवली. "घरच्यांनी दिली का चोरून आनली?"

"दिली."

"बाप असता तर दिली नसती."

माफी मागायची असं विजयश्रीने वाटेत ठरवलं होतं, वाक्यही जुळवलं होतं. ते तोंडातून निघालं तेव्हा फार लहान वाटलं. यशोदाबाईंनी ते ऐकून घेतलं आणि त्याचं काही केलं नाही.

"गणराज, पेचकस आन," त्या म्हणाल्या.

गिटारीच्या खालच्या टोकाला, जिथे सगळ्या तारा अडकतात, तिथे पितळेचा एक जाड तुकडा होता. आजवर विजयश्रीने तो पुसलेला होता, पाहिलेला नव्हता. त्याच्या कडा सुबक घासलेल्या होत्या.

"ही शेपटी तेवडी तुज्या बापाची," यशोदाबाई म्हणाल्या. "टूलरूमात घासून केली त्येनं. हे सांगत व्हते मला, सोपानचा हात लई साफ हाय म्हून. बाकी समदं आमचं."

गणराजने पेच सोडले. तारा एकामागून एक सैल झाल्या, आणि त्यांना उचलून धरणारी, केवळ त्यांच्या दाबावर उभी असलेली लाकडी घोडी पोटावर आडवी पडली. त्याने पितळेचा तुकडा तारांतून सोडवला, शर्टाला पुसला आणि आईकडे दिला. म्हातारीने तो विजयश्रीच्या हातावर ठेवला.

"पिशवी हाय का?"

"नाही."

"मंग हातात न्ये," यशोदाबाई म्हणाल्या, आणि गिटार घेऊन आत गेल्या.